पाइप, पत्रा आणि सेल: रेसगाडीच्या सामानासाठी कळंबोली ते वागळे इस्टेट

कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जानेवारीत 'फॉर्म्युला भारत' ही कॉलेजांची स्पर्धा होते. विद्यार्थ्यांनीच आखलेली आणि बांधलेली एकआसनी गाडी तिथे उतरते. इलेक्ट्रिक गटात बॅटरीतून जास्तीत जास्त ८० किलोवॉट घ्यायचे, २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याची फेरी) पार करायची, आणि मुळात त्याआधी तपासणीच्या टेबलांवरून सुटायचं. जानेवारीत गाडी न्यायची तर चौकट दिवाळीच्या आसपास उभी राहिली पाहिजे. आमच्या चिपळूणच्या बाजूला लेथ आहे, मिलिंग आहे, हातही आहेत. भरवशाचं मॅन्ड्रेल बेंडिंग (नळी न चेपता वाकवणं), पातळ पत्र्याचं लेसर काम, सर्किट बोर्ड भरून देणारे आणि सेल जोडणारे मात्र शोधावे लागतात. पनवेलपासून ठाण्यापर्यंतच्या पट्ट्यात, खाडीच्या कडेकडेने, हे सगळं एका लोकलच्या अंतरात आहे. म्हणून ऑक्टोबरातली ही फेरी.

क्रम ठरवताना एकच गोष्ट पाहिली: कोणाचं काम कोणावाचून अडतं. पाइपाशिवाय बेंडिंग नाही आणि बॅटरीच्या पेटीशिवाय वेल्डिंग नाही. बोर्डांच्या गर्बर फाइल (बोर्ड बनवायचे नकाशे) मात्र निघण्याआधीच पाठवून द्यायच्या, कारण कोरा बोर्ड समोर उभं राहून बनत नाही. आणि एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं धरू नये. प्रत्येक ठिकाणी फोन करून वार विचारून घ्यावा.

सोमवार: पनवेल, कळंबोली

रात्रीच्या गाडीने पहाटे पनवेल. स्टेशनबाहेर वडापाव आणि चहा, आणि सात वाजताच अंगाला चिकटणारी हवा. कोकणात राहणाऱ्याला दमटपणाचं कौतुक नसतं, पण इथे त्यात ट्रकचा धूरही मिसळलेला.

कळंबोलीचा लोखंड बाजार टनाच्या भाषेत बोलतो. सहा-सहा मीटरच्या सात-आठ नळ्या मागणारं गिऱ्हाईक मोठ्या गोदामात कोणी उभं करत नाही. त्यांच्याकडून माल उचलून किरकोळ विकणारी दुकानं गाठायची. हव्या होत्या दोन मापांच्या नळ्या. मेन हूप (ड्रायव्हरच्या मागची कमान), फ्रंट हूप (स्टीअरिंगजवळची कमान) आणि खांद्याच्या पट्ट्याची आडवी नळी यांसाठी २५.४ मिमी बाहेरचा व्यास आणि २.४ मिमी जाडी. बाजूच्या संरक्षणाला आणि हूपच्या तिरप्या आधारांना तोच व्यास, १.६५ मिमी जाडी. नियमात जाडी, छेदाचं क्षेत्रफळ आणि जडत्वाघूर्ण (छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) या तिन्हींच्या किमान मर्यादा आहेत. एक जुळली म्हणून बाकीच्या जुळतात असं नाही.

दुकानातल्या आजोबांनी मायक्रोमीटरकडे बघून मान हलवली आणि नळी थेट काट्यावर टाकली. "टोकाला मोजून काय कळतं? कापताना तिथे कड वळते. अख्खी नळी तोला." हिशेब सरळ आहे. २५.४ × २.४ ची नळी मीटरला १.३६ किलो भरते, म्हणजे सहा मीटरला साधारण ८.२ किलो. जाडी २.२ च असेल तर तीच नळी साडेसात किलोच्या आसपास येते. घरगुती काट्यावरसुद्धा हा फरक लपत नाही. १.६५ ची नळी सहा मीटरला ५.८ किलो. आम्ही तरीही कड घासून चार ठिकाणी मायक्रोमीटर लावला, कारण तपासणीच्या वेळी हूपला पाडलेल्या छोट्या भोकातून जाडीच मोजतात, वजन नाही.

नळीइतकंच तिच्या कागदाकडे लक्ष द्यावं. मिल टेस्ट सर्टिफिकेट मागायचं, त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) नळीवरच्या शिक्क्याशी जुळवायचा आणि दोन्हींचा एकत्र फोटो काढायचा. चौकटीच्या मजबुतीचा जो तक्ता आयोजकांकडे जातो, त्याला हाच पुरावा लागतो. "साहेब, कागद नंतर व्हॉट्सअॅप करतो" असं म्हटलं की पैसेही नंतर देतो म्हणावं.

दुसरी खबरदारी वाहतुकीची. छोट्या टेम्पोत सहा मीटरची नळी मावत नाही म्हणून दुकानदार लगेच मधोमध कापायला निघतो. मेन हूप एका अखंड नळीचाच लागतो. त्याची आणि फ्रंट हूपची लांबी खडूने आखून मगच कापायला सांगावं. कापल्यावर दोन्ही टोकं बंद करून अंगाला तेलाचा हात फिरवला. खाडीच्या हवेत उघड्या नळीवर एका रात्रीत तांबूस साय धरते.

मंगळवार: रबाळे

ट्रान्स-हार्बरच्या लोकलने रबाळे. पूर्वेला बाहेर पडलं की रिक्षावाल्याला प्लॉट नंबर सांगून उपयोग नाही. जवळची मोठी कंपनी किंवा बसस्टॉप सांगायचा, पुढे गाळा स्वतः शोधायचा.

बेंडिंगच्या शेडमध्ये पहिला प्रश्न मिस्त्रींनीच विचारला, "डाय कुठली धरलीय?" डाय म्हणजे ज्याभोवती नळी वळते तो साचा. नियम सांगतो, वाकाची त्रिज्या नळीच्या मध्यरेषेवर व्यासाच्या किमान तिप्पट हवी. २५.४ ला ती ७६.२ मिमी होते. त्यामुळे बऱ्याच टीम ड्रॉइंगवर ७६.२ लिहून मोकळ्या होतात आणि वर्कशॉपमध्ये नेमकी ७६.२ ची डाय नसते. उलटं करावं. दुकानात तिपटीच्या वरची कुठली डाय आहे हे फोनवर विचारायचं आणि हूप त्या त्रिज्येवर आखायचा. दोन वाकांमध्ये पकडीला सरळ नळी किती लागते तेही तेव्हाच विचारून घ्यावं. खांद्याजवळचे वाक एकमेकांना खेटून ठेवले तर मशीनच्या जबड्याला धरायला जागाच उरत नाही.

मॅन्ड्रेल म्हणजे वाकवताना नळीच्या आत राहणारा दांडा. तो नसला की वाकाची बाहेरची बाजू चपटी होते, आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि परीक्षक अशा वाकावर बोट ठेवतातच. आदल्या दिवशी एका दुसऱ्या गाळ्यात मॅन्ड्रेल न घालता वाकवलेला नमुना दाखवला होता. व्हर्नियर लावल्यावर एका बाजूने २५.४ ऐवजी २३ च्या खाली. म्हणून पहिला तुकडा कायम वाया घालवायचा असतो. ९० अंशांचा एक वाक घ्यायचा, नळी सुटल्यावर किती अंश परत उघडते ते मोजायचं आणि तेवढं जास्त वाकवायचं. हा आकडा नळीच्या प्रत्येक हीटला थोडा बदलतो, मागच्या वर्षीचा चालत नाही.

हूप झाल्यावर तिथेच जमिनीवर १:१ छापील ड्रॉइंग पसरून त्यावर ठेवला. पायांमधलं आतलं अंतर जोडाच्या जागी किमान ३८० मिमी लागतं. दोन्ही पाय एकाच पातळीत आहेत का हे सपाट प्लेटवर आडवा टाकून पाहायचं. डुगडुगला तर त्याच वेळी परत मशीनवर.

जेवण गावठाणातल्या एका घरगुती खानावळीत. रबाळे, गोठिवली, घणसोली ही मुळात आगरी-कोळ्यांची गावं, कारखाने नंतर आले. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, वर तळलेली मांदेली. मावशींनी "पोरांनो, लोखंड खाऊन पोट भरत नाही" म्हणत तिसरी भाकरी वाढली. चिपळूणकरांना भाकरी ओळखीची, मसाला मात्र वेगळा. आगरी मसाल्याचा रंग दिसतो त्यापेक्षा चव सौम्य निघाली.

दुपारी लेसर कटिंग. बॅटरीच्या पेटीसाठी पोलादाचा तळ किमान १.२५ मिमी आणि उभ्या भिंती व झाकण किमान ०.९ मिमी लागतात. सापळा नेमका इथे आहे. बाजारात १.२ चा पत्रा सहज मिळतो आणि "सव्वाचाच आहे हो" म्हणून गळ्यात पडतो. तो तपासणीत नापास. ०.९ म्हणून घेतलेला पत्राही मोजल्यावर ०.८६ भरू शकतो, कारण गिरणीला उणे फरकाची सूट असते. तळाला १.६ आणि भिंतींना १ मिमी घ्यावा. ६०० × ५०० मिमीच्या तळावर यामुळे साधारण ८०० ग्रॅम वाढतात. रेसगाडीत ८०० ग्रॅम झोंबतात हे खरं, पण पेटी नापास झाली तर गाडी पिटमध्येच राहते.

ऑपरेटरला द्यायची डीएक्सएफ फाइल (कापायचा आराखडा) १:१, मिलिमीटरमध्ये, एका लेयरवर फक्त कापायच्या रेषा. वाकाच्या रेषा वेगळ्या लेयरवर, नाहीतर त्याही कापल्या जातात. खाच आणि जीभ अशी जोडणी असेल तर खाचेत दोन्ही बाजूंनी ०.१ ते ०.१५ मिमी सैलपणा ठेवावा. भोकं वाकापासून लांब ठेवावीत. पत्र्याच्या जाडीची अडीच पट अधिक वाकाची त्रिज्या, एवढं अंतर पुरतं. जवळ घेतलेलं गोल भोक वाकल्यावर अंडाकृती होतं आणि बोल्ट जात नाही.

चारच्या सुमाराला परतीच्या पावसाने गाठलं. पत्र्याच्या शेडखाली अडकलेल्यांत नवी मुंबईच्याच एका कॉलेजची टीम निघाली, आदल्या मोसमात कोइम्बतूरला जाऊन आलेली. पाऊस तासभर कोसळला आणि तेवढ्यात त्यांनी तपासणीची अख्खी उजळणी करून दिली. रेन टेस्टमध्ये उच्च दाबाची, म्हणजे हाय व्होल्टेजची, बाजू चालू ठेवून गाडीवर १२० सेकंद पाणी फवारतात, नंतर आणखी १२० सेकंद नुसतं थांबतात, आणि या सगळ्या वेळात आयएमडीने, म्हणजे इन्सुलेशनवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाने, सर्किट तोडायचं नाही. "पाणी पडताना कोणी मरत नाही दादा, नंतरच्या दोन मिनिटांत मरतात," त्यांच्यातली वायरिंगवाली मुलगी म्हणाली. पाणी केबलच्या अंगावरून ओघळत ग्लँडपर्यंत, म्हणजे केबल पेटीत शिरते त्या सीलपर्यंत, पोचायला वेळ लागतो. उपायही तिनेच सांगितला: प्रत्येक केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी खाली झोका घेऊन वर आली पाहिजे, म्हणजे थेंब झोक्याच्या तळाशी गळून पडतो. आणि कुठलाही कनेक्टर आभाळाकडे तोंड करून बसवायचा नाही.

तिरपं करण्याची चाचणी ६० अंशांची. तिथे गळतो तो बहुतेक ब्रेक ऑइलच्या डबीचा टोपण-रबर. ड्रायव्हर पूर्ण पट्टे आणि हेल्मेटसह पाच सेकंदांत बाहेर यायला हवा. हातमोजे घालून पट्ट्याचं बकल सोडण्याचा सराव त्यांनी रोज करून घेतला होता म्हणे.

बुधवार: महापे

सगळ्यात रेंगाळण्यासारखा दिवस हाच. महाप्याच्या इलेक्ट्रॉनिक झोनमध्ये बाहेरून काही कळत नाही. आत मात्र लांब टेबलांवर बायका ओळीने बसून चिमट्याने तांदळापेक्षा लहान घटक बोर्डावर ठेवत असतात. लाइनवरच्या ताईंनी आमचा बोर्ड हातात घेऊन पहिलं वाक्य टाकलं, "एवढ्या मोकळ्या जागेत ०४०२ कशाला? ०८०५ टाका, उद्या तुम्हालाच हाताने बदलायचाय." हे आकडे घटकांच्या आकाराचे, ०४०२ अगदी बारीक. एका वाक्यात पिटमधल्या रात्री दोनच्या दुरुस्तीची सोय झाली.

उच्च दाब आणि १२ व्होल्टची बाजू एकाच बोर्डावर असेल तर त्यांच्यातलं अंतर नियमात बांधून दिलं आहे. ३०० ते ६०० व्होल्टसाठी बोर्डाच्या पृष्ठभागावरून १२.७ मिमी, मध्ये खाच कापून हवेतून मोजलं तर ९.५ मिमी, आणि लेपाखाली ४ मिमी. लेपावर भिस्त ठेवून ४ मिमीवर आखू नये. लेप एका कोपऱ्यात पातळ बसला की परीक्षकासमोर सिद्ध करता येत नाही. १२.७ आखावं आणि लेप वर घालावा तो दमटपणासाठी.

जवळच्याच एका गाळ्यात सेलची जोडणी. बॅटरीचा हिशेब असा: २१७०० आकाराचे सेल, प्रत्येकी ४.२ अँपिअर-तास, पूर्ण चार्जला ४.२ व्होल्ट. एका सेगमेंटला, म्हणजे बॅटरीच्या एका खणाला, १२० व्होल्ट आणि ६ मेगाज्यूल अशी दुहेरी मर्यादा. २८ सेल एकसर म्हणजे ११७.६ व्होल्ट, २९ वा घातला की मर्यादा ओलांडली. समांतर तीन घेतले तर ८४ सेल आणि पूर्ण चार्जच्या व्होल्टेजने ५.३ मेगाज्यूल, चार घेतले तर सात मेगाज्यूलच्या वर, म्हणजे बाद. असे चार सेगमेंट: ३३६ सेल, पूर्ण चार्जला ४७०.४ व्होल्ट, आणि सेलचा सरासरी व्होल्टेज धरला तर साधारण पाच किलोवॉट-तास. सेलला ४५ अँपिअर झेपत असले तर तीन समांतरचे १३५ अँपिअर आणि कागदावर, त्याच सरासरी व्होल्टेजला, ५४ किलोवॉट. ८० किलोवॉटची कमाल गाठायचा अट्टहास पहिल्या गाडीत नको. पाच किलोवॉट-तासात २२ किलोमीटर संपवायचे आहेत, आणि एन्ड्युरन्सला सगळ्यात जास्त गुण आहेत.

मोठा प्रवाह वाहणारी जोडणी सेलला डागायला (सोल्डर करायला) नियमातच बंदी आहे, म्हणून स्पॉट वेल्ड. पट्टी निकेलची. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी त्याच नावाने खपते आणि चुंबक दोन्हींना चिकटतो, म्हणून चुंबकाची परीक्षा निरुपयोगी. गाळ्याच्या मालकांनी दोन खऱ्या परीक्षा दाखवल्या. पट्टीची कड ग्राइंडरला लावायची: लोखंड ठिणग्या टाकतं, निकेल जवळजवळ नाही. किंवा घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची: लोखंडी असेल तर सकाळी गंज. तरीही निकेलचा विद्युतरोध तांब्याच्या चौपट, म्हणून १३५ अँपिअर नुसत्या निकेलवर सोडायचे नाहीत. गटागटांमधला प्रवाह तांब्याच्या पट्टीने न्यायचा, निकेलची फक्त जीभ सेलपर्यंत. हीच जीभ मुद्दाम अरुंद ठेवली की प्रत्येक सेलचा फ्यूज होते. तीन समांतर सेलपैकी एक आतून शॉर्ट झाला तर उरलेले दोन त्याच्यात ओतायला लागतात, तेव्हा ही जीभ वितळली पाहिजे.

वेल्ड धरला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मेलेल्या सेलवर तीच सेटिंग ठेवून पट्टी पक्कडीने सोलायची. पट्टी फाटून ठिपका सेलवर राहिला तर वेल्ड चांगला, पट्टी अखंड सुटून आली तर ताकद कमी. प्रत्येक नव्या रीळला ही परीक्षा परत. जोडण्याआधी प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध एक किलोहर्ट्झच्या मीटरवर मोजून जवळच्या आकड्यांचे सेल एका गटात घातले. इथे घाई केली तर वेगळ्या निघालेल्या सेलचा गट बाकीच्यांच्या आधी रिकामा होतो, आणि बॅटरीवर नजर ठेवणारी एएमएस त्या एकट्या गटाच्या व्होल्टेजवर अख्खी गाडी बंद करते.

तापमानाचे सेन्सर किमान ३० टक्के सेलवर हवेत. ८४ च्या सेगमेंटला ते २६ होतात. ऋण टोकाजवळ चिकटवायचे आणि त्यांच्या तारा सेलच्या कडांवरून नेताना खाली इन्सुलेशन घालायचं. सेलच्या धन टोपीभोवतीची कडाही ऋणच असते, वरचा पातळ प्लास्टिकचा थर खरवडला की शॉर्ट. म्हणून प्रत्येक टोपीवर फिश पेपरची (इन्सुलेशनच्या जाड कागदाची) चकती.

सेल सोबत घेऊन रेल्वेत चढायचं नाही, ही बाब वादाची नाही. तयार सेगमेंट अर्ध्याहून कमी चार्जवर ठेवून, टोकं झाकून, रीतसर कागदपत्रांसह मालवाहतुकीने पाठवायची बोली केली.

गुरुवार: ठाणे, वागळे इस्टेट

रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे. उतरून आधी मामलेदार मिसळ. तर्री मागताना "मध्यम" म्हटलं तरी कपाळावर घाम येतो, वर ऑक्टोबरचं ऊन. शेवटी ताकाला शरण.

वागळे इस्टेटमध्ये रस्त्यांना नंबर आहेत, पण गाळे आत एकमेकांत शिरलेले. पेटीचं टिग वेल्डिंग (आरगॉन वायूच्या आवरणातलं) इथे होतं. वेल्डर काकांनी शिरल्या शिरल्या डोक्यावरचा पंखा बंद केला. वाऱ्याने आरगॉन उडाला की जोडात बुडबुडे राहतात. मिनिटाला आठ ते दहा लिटर प्रवाह, १.६ मिमीचा टंगस्टन, आणि पातळ पत्र्याला अखंड शिवण न घालता आलटून-पालटून छोटे टाके, म्हणजे भिंत लाटेसारखी वाकत नाही. मागे तांब्याची पट्टी दाबून धरली की उष्णता ती ओढून घेते. कडांवरचं तेल आधी अॅसिटोनने पुसायचं. सोमवारी नळ्यांना लावलेलं तेलसुद्धा वेल्डिंगआधी असंच काढावं लागणार, जोडापासून दोन्हीकडे इंचभर चकचकीत घासून. काकांनी चौकटीसाठीही सल्ला दिला: नळीच्या तोंडाची माशाच्या तोंडासारखी खाच समोरच्या नळीवर बसवल्यावर फटीत कागद जाता कामा नये. फट भरून काढणारा वेल्ड दिसायला छान असतो, आतून पोकळ.

पावडर कोटिंगला देण्याआधीचा एक मुद्दा बऱ्याच टीमना तपासणीत आडवा येतो. उच्च दाबाच्या भागांपासून १०० मिमीच्या आतल्या प्रत्येक धातूच्या भागाचा गाडीच्या ग्राउंडशी रोध ३०० मिलिओहमच्या आत लागतो. पावडर हा उत्तम इन्सुलेटर. म्हणून ग्राउंडचे स्टड, बोल्टच्या बसण्याच्या जागा आणि झाकणाची टेकण्याची कड यांवर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या टोप्या किंवा पिवळी कॅप्टॉन टेप लावूनच पेटी द्यायची. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, साधी मास्किंग टेप तिथे जळून चिकटते. ड्रॉइंगवर त्या जागा लाल रंगाने भराव्यात, तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विसरलं जातं. पेटीतल्या उच्च प्रवाहाच्या बोल्टांना नायलॉनचे लॉकनट चालत नाहीत, गरम झाल्यावर ते ढिले पडतात. पूर्ण धातूचे लॉकनट इथल्याच हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळाले; एम६ आणि एम८ चे दुप्पट घ्यावेत, कारण एकदा काढलेला नट परत वापरायचा नाही.

संध्याकाळी तलावपाळीवर वारा होता आणि भेळ. पेटी रंगून यायला वेळ लागणार होता, ती आणि सेगमेंट एकाच टेम्पोने येतील असं ठरलं. हूप आणि नळ्यांचं बोचकं रेल्वेच्या पार्सलला दिलं. टोकांना रबरी टोप्या, वाकांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचे वेढे, आणि प्रत्येक नळीला तिच्या हीट नंबरची पत्र्याची चकती तारेने बांधलेली. कागदी चिठ्ठी तेलात विरघळते.